‘असा शब्दच नाही’ : खेळाचा कोश आणि बोलीचा हक्क

एखादा शब्द अशिष्ट आहे असे म्हणणे वेगळे आणि असा शब्दच नाही असे म्हणणे वेगळे. पहिले विधान रुचीविषयी आहे, दुसरे अस्तित्वाविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शालेय शब्दस्पर्धेत पाचवीतल्या मुलीने ‘लई’ हा शब्द मांडला. परीक्षकांनी तो खोडला आणि शेरा दिला, ‘असा शब्दच नाही.’ मुलीच्या घरी तो रोज बोलला जातो. वकिली करताना आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत : निकाल विरुद्ध गेला तरी चालेल, पण कारणे योग्य हवीत. येथे कारणच चुकले होते. या प्रश्नावर जगात मोठी चर्चा झाली ती ‘स्क्रॅबल’ या इंग्रजी शब्दखेळामुळे. तिचा इतिहास आपल्यालाही उपयोगी आहे.

अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात हा खेळ रचला. १९४८ साली जेम्स ब्रूनो यांनी त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव देऊन तो बाजारात आणला. विशेषनामे व संक्षेप वगळून कोशात सापडणारा शब्द चालेल, असा साधा नियम होता. पण कोश कोणता? घरगुती खेळात हे आपसांत ठरे. स्पर्धा सुरू झाल्यावर तेवढ्याने भागेना. म्हणून १९७८ साली मेरियम-वेबस्टर या प्रकाशनसंस्थेने केवळ या खेळासाठी अधिकृत कोश काढला. त्यासाठी महाविद्यालयीन वापराचे पाच प्रतिष्ठित कोश प्रमाण धरले गेले. खेळाच्या नियमांत बसणारा शब्द त्यांपैकी एका कोशात असला तरी ग्राह्य ठरला. शब्द सभ्य की रांगडा, हा प्रश्न त्या कसोटीत नव्हताच; नोंदीचा पुरावा आहे की नाही, एवढेच पाहिले गेले.

या कसोटीमुळे अनौपचारिक शब्दांना वाट मिळाली. ‘पिझ्झा’चे तरुणांच्या तोंडचे लघुरूप ‘झा’ २००६ साली उत्तर अमेरिकेच्या यादीत आले. दोनच अक्षरांचा शब्द, पण त्यातले ‘झेड’ एकटे दहा गुणांचे. त्यामुळे खेळाडूंत तो आवडता झाला आणि शुद्धतावाद्यांना खटकला. लंडनच्या रस्त्यांवरचे ‘इनिट’ २०११ साली ब्रिटनच्या कॉलिन्स यादीत दाखल झाले. आज आपल्याही तोंडी असलेला ‘ओके’ बोस्टनच्या वृत्तपत्रात १८३९ साली थट्टेचा संक्षेप म्हणून छापला गेला होता; त्याला उत्तर अमेरिकेच्या यादीत जागा मिळाली २०१८ साली आणि कॉलिन्सच्या यादीत २०१९ साली. सीमाभागातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या खेळाचे हक्क उत्तर अमेरिकेत एका कंपनीकडे आणि इतरत्र दुसरीकडे आहेत. म्हणून याद्याही दोन. शब्द तोच, बोलणारेही तेच; पण हद्द ओलांडली की ग्राह्य शब्द अग्राह्य ठरू शकतो. हद्द शब्दाने आखलेली नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग सर्वच शब्द घ्यावेत काय? नाही. १९९०च्या दशकात वंश व धर्म यांवरून हिणवणाऱ्या शब्दांविरुद्ध तक्रारी झाल्या. १९९५ सालच्या आवृत्तीतून असे व इतर आक्षेपार्ह मिळून शंभराहून अधिक शब्द काढले गेले. स्पर्धकांनी विरोध केल्यावर त्यांच्यासाठी १९९८ साली अर्थ न देणारी स्वतंत्र यादी निघाली. पुढे २०२१ साली दुसऱ्या कंपनीनेही आपल्या यादीतून सुमारे ४०० अपशब्द वगळले. सामान्य कोशांतून मात्र ते पुसले गेले नाहीत. हा भेद आम्हाला मान्य आहे : माणसाला दुखावणारा शब्द खेळातून वगळता येतो, कारण तेथे इजा हे सांगण्याजोगे कारण आहे. ‘लई’ने कोणाला इजा होते?

आपल्या कोशकारांनी ही वाट फार पूर्वी दाखवली आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची; त्यात ग्रांथिक शब्दांबरोबर बोलीतले रांगडे शब्दही आहेत. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत कोकणी, गोमंतकी, वऱ्हाडी, खानदेशी शब्द प्रदेशाची खूण लावून नोंदवले. खूण लावणे म्हणजे हद्दपार करणे नव्हे.

शुद्धतावाद्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कोशात खूण असते, खेळाच्या यादीत नसते. तेथे शब्द आत असतो किंवा बाहेर. त्यामुळे कोणता शब्द निबंधात लिहावा आणि कोणता ओट्यावर बोलावा, हे मुलाला यादीतून कळणार नाही. खरे आहे. पण ते शिकवणे हे शिक्षकाचे आणि कोशाचे काम. त्यासाठी यादीने शब्दाचे अस्तित्व नाकारण्याचे कारण नाही.

आज ना उद्या मराठी शब्दखेळांच्या अधिकृत याद्या बनतील. त्या बनवणाऱ्यांपाशी आमची मागणी एवढीच : अनेक विश्वसनीय कोशांपैकी एकात नोंद असली तरी शब्द घ्यावा, त्या कोशांत प्रादेशिक कोशही असावेत आणि वगळायचे असेल तर कारण लेखी द्यावे. पण नोंदच नसेल तर आपली बाजू मांडणार कशाच्या आधारावर? बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जेथे आपण असाल तेथे घरातले शब्द अर्थ, गाव आणि एका वाक्यासह लिहून ठेवावेत. पुरावा नसलेला दावा कितीही खरा असला तरी टिकत नाही.