कात्रजचा डोंगर मध्ये आला तर? हॅम रेडिओचा रिपीटर कसा चालतो

कात्रज ते सिंहगड, म्हणजे आपला के-टू-एस नाइट ट्रेक केलाय का कधी? टेकडीच्या माथ्यावर फोनला मस्त रेंज असते आणि खिंडीत उतरलं की 'नो सर्व्हिस'. फोन तोच, सिम तेच, बदलली फक्त जागा. हॅम रेडिओचा रिपीटर याच अनुभवावर उभा आहे: ताकदीपेक्षा उंची जास्त कामाला येते.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, हौस म्हणून आणि शिकण्यासाठी चालवलेला रेडिओ. यात सिम नाही, रिचार्ज नाही, मधली कंपनी नाही. तुमचा सेट थेट समोरच्याच्या सेटशी बोलतो.

रिपीटर लागतो कशाला?

समजा, तुम्ही कात्रज चौकात आहात आणि मित्र खेड-शिवापूरला. दोघांच्या हातात ५ वॅटचे हँडसेट. सरळ रेषेत अंतर साधारण १२ किलोमीटर, पण मध्ये कात्रजचा घाट. हॅम मंडळी गावातल्या गावात बोलायला बहुतेक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ बँड वापरतात. या लहरी जवळजवळ सरळ जातात, डोंगर ओलांडत नाहीत. त्यामुळे थेट बोलणं होणं अवघडच.

आता सिंहगडाच्या उंचीवर एक स्टेशन आहे असं धरा. त्याला घाटाच्या दोन्ही बाजू दिसतात. ते तुमचा आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी जास्त ताकदीने पुन्हा प्रसारित करतं. हाच रिपीटर.

किती लांब पोचेल, याचा सोपा हिशोब आहे. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे सुमारे ५ किलोमीटर. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आणि पुणे शहर ५६० च्या आसपास. फरक साधारण ७५० मीटर. त्याचं उत्तर येतं सुमारे ११३ किलोमीटर! दोन्हींची बेरीज केली की कमाल अंतर मिळतं. अर्थात हे सपाट जमिनीवरचं गणित झालं. सह्याद्रीच्या रांगा आणि शहरातल्या इमारती यातलं बरंच कापून घेतात. तरी मुद्दा कळला ना? वॅट वाढवण्यापेक्षा गच्चीवर जाणं फायद्याचं.

दोन फ्रिक्वेन्सी का?

रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच वेळी. दोन्ही कामं एकाच फ्रिक्वेन्सीवर केली तर तो स्वतःचाच आवाज ऐकत बसेल, आपल्या भाषेत इन्फिनिट लूप. म्हणून ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि बोलायची वेगळी. या बँडवर दोन्हींत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचा फरक ठेवतात. याला ऑफसेट म्हणतात. फक्त उदाहरण म्हणून: रिपीटर १४५.६५० वर बोलत असेल तर १४५.०५० वर ऐकेल. एकच अँटेना दोन्हीकडे वापरता यावी म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाचा फिल्टर बसवतात.

तिसरी सेटिंग म्हणजे टोन. तुमच्या आवाजाखाली सेट एक बारीक सूर मिसळतो (६७ ते २५४.१ हर्ट्झमधला ठरावीक आकडा). तो सूर ओळखला तरच रिपीटर उघडतो, नाहीतर गप्प राहतो. मी सुरुवातीला दोन दिवस एकटाच बोलत होतो. वाटलं सेट बिघडला. टोन टाकायचा राहिला होता! त्यामुळे फ्रिक्वेन्सी, ऑफसेट आणि टोन हे तिन्ही आकडे जवळच्या हॅमकडून ताजे घ्या. जुन्या यादीवर विसंबू नका.

बोलायची पद्धत

१. आधी ऐका. रिपीटर म्हणजे एकच रस्ता. एका वेळी एकच जण बोलू शकतो.
२. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
३. सुरुवातीला आणि शेवटी आपलं कॉलसाइन सांगा. भारतात ते बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतं.
४. दोन वाक्यांमध्ये थोडी जागा सोडा. कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर त्याला तिथेच शिरता येतं.
५. लांबण लावू नका. बऱ्याच रिपीटरना टाइमर असतो. वेळ संपली की तो तुम्हाला मध्येच तोडतो.
६. धंद्याच्या गोष्टी आणि सांकेतिक भाषेतले निरोप चालत नाहीत. इथलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

खरी गरज कधी पडते?

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरात प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगरच्या वस्त्यांत घुसला. शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. अशा वेळी वरच्या अंगाला पाणी चढतंय, ही बातमी खाली काही मिनिटं आधी पोचली तर जीव वाचू शकतो.

मोबाइल टॉवरला वीज लागते, मागे केबलचं जाळं लागतं आणि सगळ्यांनी एकदम फोन केले की तो तुंबतो. डोंगरावरचा रिपीटर बॅटरीवर चालत असेल तर त्याला बाकी कुणाची गरज नाही. एक जण बोलला की सगळे एकदम ऐकतात. भूजचा २००१ चा भूकंप आणि २००४ ची अंदमानातली त्सुनामी, दोन्ही वेळी हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते.

पण रिपीटरवर वीज पडली तर? मग 'सिम्प्लेक्स', म्हणजे सेट ते सेट थेट. म्हणून अनुभवी मंडळी कुठल्या गच्चीवरून कुठवर ऐकू जातं, हे आधीच तपासून ठेवतात.

सेट मागवण्याआधी

ऑनलाइन स्वस्तातला वॉकी-टॉकी दिसला की हात शिवशिवतो, माहितीये. पण हॅम बँडचा सेट परवान्याशिवाय वापरणंच काय, जवळ बाळगणंही बेकायदा आहे. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त सेट. त्यांच्यावरून रिपीटर उघडत नाही.

परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. त्यासाठी एएसओसी परीक्षा असते, किमान वय १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम आले की झालं. नंतर पडताळणी होते आणि त्यात वेळ जातो. म्हणून पूर आल्यावर नाही, आत्ताच अर्ज करा. तोवर एखाद्या परवानाधारक हॅमच्या शेजारी बसून नुसतं ऐका. अर्धं शिक्षण तिथेच होतं.