शेतकरी घराण्याचे मूळ : वंशावळ आणि दप्तर

सीमाभागातील अनेक मुस्लिम शेतकरी घराण्यांत वंशावळ सांगताना आरंभ अरबस्तान वा इराणपासून होतो. मधल्या पिढ्या गळालेल्या असतात. गावात वस्ती केव्हा झाली, पहिली जमीन कोणत्या हक्काने मिळाली, हे प्रश्न मात्र विचारलेच जात नाहीत. वस्तुतः त्यांची उत्तरे शजऱ्यापेक्षा दप्तरात सापडण्याची शक्यता अधिक.

मराठा अमदानीत जमीन करणारे दोन प्रकारचे होते. मिरासदार हा वंशपरंपरागत हक्काचा, तर उपरी कौलाने आलेला. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या वर्षी सारा अल्प, पुढे दरसाल चढत पूर्ण दरापर्यंत. असा कौल हाती आला तर वस्तीचा काळ बराचसा निश्चित होतो. परंतु येथे एक फसगत संभवते. थळझाड्यात जमिनीचे थळ मूळ घराण्याच्या नावाने नोंदलेले असे. ते घराणे दुष्काळात वा धामधुमीत नष्ट होऊन जमीन गतकुळी झाली आणि दुसऱ्याने मिरासपत्र करून घेतली, तरी थळाचे नाव जुनेच राही. तेव्हा थळाच्या नावावरून आजच्या कबजेदाराचे कुळ ठरविणे धोक्याचे आहे.

वतनाच्या तंट्यात गोतसभेपुढे होणारे महजर याहून बोलके. त्यांत वादी-प्रतिवादी आपापल्या पिढ्या सांगत आणि शेजारगावचे पाटील नांगराची निशाणी करून साक्ष देत. मुलाण्याचे हक्क व इनाम यांचे उल्लेखही अशा कागदांत येतात. अर्थात, तंट्यात सांगितलेली पिढी ही दाव्यासाठी सांगितलेली असते, हे विसरू नये.

या कागदांची लिपी मोडी. पण सनाचे शब्द अरबी. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११७१. हा सन मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७७०-७१ येते. मदरशात अरबी अंक शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे वाचन मराठी विद्यार्थ्याहून सोपे जावे, आणि तरीही मोडी शिकणारे आपल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

बेळगाव १८१८ साली कंपनीकडे गेले, १९५६ साली म्हैसूर राज्यात आले. त्यामुळे एकाच शेताचे कागद मोडी, इंग्रजी व कन्नड अशा तिन्हींत विखुरले आहेत. आजच्या उताऱ्यापासून सर्व्हे नंबर धरून मागे जावे. शजरा सर्वांत शेवटी उघडावा.