पत्ता विचारणाऱ्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की आम्हा वसईकरांना किल्ला आठवतो आणि १७३९ साली तो जिंकणारे चिमाजीअप्पा आठवतात. शाळेत मीही वर्षानुवर्षे तेच शिकवले. आज मात्र ज्यात ना तोफा आहेत ना तह, अशा एका इतिहासाबद्दल लिहायचे आहे. दारू सोडू पाहणारी माणसे एकत्र बसतात, त्या सभेचा हा इतिहास.

निमित्त झाले माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. नवऱ्याच्या पिण्याने ती पार पिचून गेली होती. हळू आवाजात म्हणाली, "सर, ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते हो? शेजारीपाजारी विचारायची सोय नाही." खरेच आहे. आमच्याकडे एका आळीत खोकले तर दुसऱ्या आळीत ऐकू जाते.

पण गंमत अशी, की ही चळवळ जन्मली तीच मुळी अशा विचारपुशीतून. मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी मेफ्लॉवर हॉटेलात बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस एकटाच येरझाऱ्या घालत होता. हाती घेतलेले काम फसले होते, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि समोरच बार होता. त्याला कळून चुकले, की तगायचे तर आपल्यासारखाच एखादा पिणारा गाठून त्याच्याशी बोलायला हवे. तिथल्या चर्चच्या यादीतून त्याने एका धर्मगुरूंना फोन लावला. त्यांनी काही नावे दिली. फोनामागून फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांत उठायचे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. उपदेश करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. हा मात्र स्वतःचीच हकीकत सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानतात.

१९३९ साली बारा पायऱ्या सांगणारे त्यांचे पुस्तक निघाले. मार्च १९४१ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये त्यांच्यावर लेख आला आणि सुमारे दोन हजार सभासदांचे वर्षअखेर आठ हजार झाले. पत्ता कळला की माणसे येतात, ती अशी.

भारतात ए.ए. सुरू झाले १९५७ साली. तेव्हाचे मुंबई राज्य आठवून पाहा. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. विनापरवाना पिणारा कायद्याच्या लेखी गुन्हेगार, त्याची जागा पोलीसचौकीत. हातभट्ट्या काही त्यामुळे विझल्या नाहीत. अशा काळात 'हा गुन्हेगार नव्हे, आजारी माणूस आहे' हे म्हणणे नवेच होते.

पुढे १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' काढले. बारा पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. कृपाचे केंद्र आमच्या वसईतही आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाईंचे साहाय्य होते. केंद्रात काही आठवडे राहून माणूस घरी परततो. पण नाका तोच, मित्र तेच. तिथून पुढे आयुष्यभर उपयोगी पडते ती सभा.

या सभेला फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खर्च सभासद आपापसांत वर्गणी काढून भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. निनावीपणामुळेच माणूस आत पाऊल टाकायचे धाडस करतो, आणि निनावीपणामुळेच ही सभा सहजासहजी सापडत नाही. बाहेर मोठी पाटी नसते. शाळेचा एखादा वर्ग, चर्चची एखादी खोली, एवढाच त्यांचा संसार.

आम्ही ए.ए.च्या संकेतस्थळावरचा नंबर फिरवला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव विचारले नाही. वार, वेळ आणि जागा सांगितली. शिवाय दोन गोष्टी सांगितल्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरे म्हणजे, घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' ही १९५१ पासूनची वेगळी संघटना आहे, नवरा येवो न येवो, ताईंनी तिकडे जरूर जावे. ती जाऊ लागली. नवरा दोनदा गेला, मग थांबला, आता पुन्हा जातो आहे. पुढचे मी सांगू शकत नाही. तिथे हिशेब एकेका दिवसाचाच असतो.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाने डॉक्टरांचा, रक्तपेढीचा नंबर जवळ ठेवलेला असतो. त्यातच हाही एक लिहून ठेवा. ॲक्रनमध्ये त्या धर्मगुरूंनी काही चमत्कार केला नव्हता. अनोळखी माणसाचा फोन आला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि चार नावे सांगितली. एवढे आपल्यालाही जमेल.