कदीम आणि जदीद

शरिया म्हणजे कुराणात लिहिलेले कायदे, असं मी परवापर्यंत समजत होतो. पण सहा हजारांवर आयतींपैकी थेट कायद्याच्या म्हणाव्यात अशा जेमतेम काहीशे. मग बाकीचं कुठून आणायचं?

आठव्या शतकात यावरून चांगलीच जुंपली होती. मदिनेचे इमाम मालिक तिथल्या लोकांची रूढ रीत प्रमाण मानत, तर इराकमध्ये अबू हनीफांचे शिष्य तर्काला जास्त वाव देत. 767 च्या सुमारास जन्मलेले शाफई दोन्हीकडे शिकले आणि 'रिसाला'त त्यांनी क्रम लावला : कुराण, पैगंबरांची सुन्नत, इज्मा म्हणजे एकमत आणि शेवटी कियास. कियास म्हणजे, मद्य नशेमुळे निषिद्ध, तर नशा आणणारं बाकीचंही निषिद्ध.

खरी गंमत पुढे आहे. आयुष्याच्या अखेरीस इजिप्तला गेल्यावर शाफईंनी स्वतःचीच बरीच मतं बदलली. अनुयायांनी जुनी फेकली नाहीत, 'कदीम' आणि 'जदीद' अशी दोन्ही जपली. (व्हर्जन कंट्रोल म्हणजे आमचाच शोध, असं आम्हाला वाटतं!) शरिया कधी बदललाच नाही, असं टीव्हीवर दोन्ही बाजू ओरडतात तेव्हा मला हे आठवतं.

असो. आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. कोकणात ही परंपरा अरबांच्या जहाजांबरोबर आली.