गवळण किल्ल्यावर कशी आली

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नाव घ्यावं असा डोंगरी किल्ला नाही. डोंगर राहिले पश्चिमेला, पुरंदर तालुक्यात. तिथून निघालेली कऱ्हा सासवड, जेजुरी करत बारामतीत येते आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. या वाटेनं जमीन उतरत, सपाट होत, काळी पडत जाते. इथलं सतरावं शतक कड्याकपारीत सापडत नाही, ते गढीत आणि परगण्यांच्या कागदांत सापडतं. इंदापुरात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आहे. मालोजीराजे पडले तेही इंदापूरच्याच लढाईत. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही भोसल्यांच्या जहागिरीची नावं. त्यातलं सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथला कारभार महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडे होता. शिवाजी महाराज सणाचा पोस्त मागायच्या निमित्तानं तिथे गेले आणि मामांना कैद करून सुपे ताब्यात घेतलं, असं सभासद बखर सांगते.

अशा या सपाट मुलखात दसरा झाला की घरोघरी दिवाळीच्या किल्ल्यांचे डोंगर उभे राहू लागतात. विटा, दगड, फुटकी कौलं रचायची, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं, ते वाळायच्या आत हातानं दाबून कडे, घळी, सोंडा काढायच्या. वर चाळलेली माती, तीवर अळीव किंवा मोहरी. वसुबारसेपर्यंत ती हिरवी दिसायला हवी, म्हणून चार-पाच दिवस आधी पेरायची आणि हातानं पाणी शिंपडायचं. तांब्यानं ओतलं तर बी वाहून जातं. मग बुरूज, तट, पायऱ्या, तळं, गुहा. शेवटी चित्रं मांडायची. पुणे जिल्ह्यात किल्ल्यावरच्या मातीच्या मूर्तींना चित्रंच म्हणतात.

किल्ल्यांच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी दोन गट असतात: प्रतिकृती आणि काल्पनिक. प्रतिकृतीवाले राजगडाच्या तीन माच्या मोजून काढतात. काल्पनिक गटातली मुलं कुठल्याही नकाशात नसलेला गड बांधतात आणि त्याला नाव देतात. जुलै 2025 मध्ये शिवनेरी, राजगड, रायगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यानंतर प्रतिकृतींचं वजन वाढणार हे उघड आहे, आणि त्याचा आनंदही आहे. पण माझं मन काल्पनिक गटाकडे ओढ घेतं. प्रतिकृतीत नकाशा चुकला नाही म्हणजे झालं. काल्पनिक गडावर शत्रू कुठून येईल, पाणी कुठे साठेल, रसद कुठल्या वाटेनं चढेल, हे सगळं स्वतःलाच ठरवावं लागतं. कधीच न झालेलं सतराव्या शतकातलं एक युद्ध डोक्यात चालवल्याशिवाय हा किल्ला बांधता येत नाही.

जगात इतरत्रही माणसांनी असं न झालेलं युद्ध मेजावर मांडलं आहे, आणि त्या खेळाचं मूळ आपल्याकडच्या चतुरंगापर्यंत पोचतं. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना पटावर मांडणारा हा खेळ इराणमार्गे युरोपात गेला. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गणितज्ञानं बुद्धिबळाच्या पटाची घरं वाढवत नेली, घरांना रंग देऊन त्यांचे डोंगर, दलदल, नद्या केल्या. प्रशियातल्या फॉन राइसवित्झ बापलेकांनी पुढचं पाऊल टाकलं. बापानं 1812 च्या सुमारास राजासाठी प्रदेशाचे सुटे तुकडे जुळवता येतील असं मेज तयार केलं. मुलानं 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच असलेले नियम छापले. प्रशियाच्या सैन्यानं ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. फासे का, तर युद्धात गोळी नेमकी लागेलच असं नसतं. पंच का, तर सेनापतीला सगळं दिसत नसतं. त्याला जेवढं दिसेल तेवढंच सांगणारा तिसरा माणूस लागतो.

मग हा खेळ छावणीतून घरात आला. कादंबरीकार आर. एल. स्टीव्हन्सन 1881-82 च्या हिवाळ्यात दावोसला आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांच्या मोहिमा लढला. एच. जी. वेल्सनं 1913 मध्ये त्याचे नियम पुस्तकात बांधले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी सुटायची आणि जो शिपाई पडला तो मेला. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं. या घराण्यातले आजचे खेळगडी कधी इतिहासातल्या लढाया मांडतात, तर कधी नसलेले देश कल्पून त्यांना राजे, निशाणं, पलटणी देतात आणि सतराव्या शतकातल्या बंदुका-भाल्यांनिशी त्यांना लढवतात. दोन इंचांहून लहान असे शिपाई, सगळे एकाच मापाचे, समोरासमोर दोन फौजा.

आता आपल्या किल्ल्यावरची चित्रं पाहा. साच्यातून काढलेले, गेरू-पिवडीत रंगवलेले मावळे, ढाल-तलवारवाले, भालदार, तोफ आणि तोफेजवळचा गोलंदाज. सर्वांत वर सिंहासनावर महाराज, आणि ते सर्वांत मोठे. मावळा बुरुजाएवढा, गुहेतला वाघ घोड्यापेक्षा मोठा. इथे माप पायरीनं आणि मानानं ठरतं. अफझलखानाच्या भेटीचा देखावा सोडला तर समोरची फौज सहसा नसतेच. आणि लढणाऱ्यांच्या मधोमध डोक्यावर मडकी घेतलेली गवळण, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, नांगर धरलेला शेतकरी, भाजीवाली, वासुदेव. वेल्सच्या खेळात यांतल्या कुणालाही जागा मिळाली नसती. हे सगळे गडावर काय करतात? मुलांना विचारलं तर ती गोंधळतात, कारण त्यांच्या दृष्टीनं गवळणीशिवाय किल्ला पुरा होतच नाही.

मला वाटतं, किल्ल्याच्या कुळकथेचा धागा या गवळणीच्या हातात आहे. दिवाळीत आपल्या खेड्यांत अजूनही दारापुढे शेणाच्या गवळणी घालतात. सारवलेल्या जागी शेणाच्या छोट्या बायका, त्यांच्या डोक्यावर शेणाचीच घागर, वर झेंडूचं किंवा कारळ्याचं फूल. पाडव्याला पांडव घालतात. उत्तरेत त्याच दिवशी शेणाचा गोवर्धन पर्वत करून त्यावर गाई-गुराखी मांडतात. बळीराजाची पूजाही त्याच प्रतिपदेची, आणि बळीचं राज्य येवो हे मागणंही त्याच दिवसाचं. म्हणजे डोंगर, राजा, गाईगुरं, गवळणी हे सगळे दिवाळीच्या अंगणात आधीपासूनच हजर होते. शेणाची जागा मातीनं घेतली, घरातल्या बायांच्या हातातलं काम पोरांच्या हातात गेलं, आणि डोंगरावर तट चढला. पण गवळण उतरली नाही. शिवाय तिला गडावर राहायला नवं कारणही मिळालं. कोजागिरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली कथेतली हिरकणी गवळणच होती, आणि तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे.

सिंहासनावर महाराज केव्हा बसले, याचं उत्तर मी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत शोधेन. महात्मा फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांचा पवाडा छापला आणि 1873 च्या ‘गुलामगिरी’त बळीराजाला इतिहासाच्या केंद्रस्थानी आणलं. 1895 मध्ये टिळकांनी रायगडावरच्या समाधीसाठी ‘केसरी’तून हाक दिली आणि 1896 मध्ये गडावर उत्सव झाला. शाळेतला इतिहास, पोवाडे, मेळे, छापील चित्रं यांतून महाराज त्या काळात घराघरांत पोचले. ज्या दिवशी लोक बळीचं राज्य मागत होते, त्या दिवशी रयतेचा राजा मातीच्या डोंगरावर बसवावा, हे फार सरळ चालत आलेलं पाऊल आहे. कुणा एकानं ठरवून ही रीत पाडली असं मला वाटत नाही.

युरोपातल्या खेळाचे आजोबा छावणीतले, आपल्या किल्ल्याचे गोठ्यातले. म्हणूनच त्यांच्या मेजावर प्रश्न येतो तो कोण जिंकलं हा. आपल्या अंगणात प्रश्न येतो तो इथे राहता येईल का हा. हा प्रश्न कमी लष्करी आहे असं कुणी समजू नये. 1716 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचं जे प्रकरण आहे, ते वाचलं तर ते अंगणातल्या किल्ल्याच्या नियमांचं पुस्तक वाटावं. गड बांधण्याआधी पाणी पाहा. पाणी असलं तरी एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी-तळी बांधा. एकच दरवाजा ठेवू नका, चोरदिंडी ठेवा. दरवाजा सरळ समोरून दिसेल असा नको, पुढे बुरूज देऊन त्याची वाट वळवा. आणि गडाजवळ त्याच्या तोडीचा दुसरा डोंगर असला तर सुरुंग लावून तो खाली आणा; ते जमत नसेल तर तोही बांधून गडाच्या ताब्यात घ्या.

शेवटच्या नियमाची किंमत कऱ्हेच्या उगमाकडच्या मुलखाला चांगलीच ठाऊक आहे. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले तेव्हा मोगलांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. जूनमध्ये तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. अंगणात किल्ला बांधणाऱ्या मुलाला हे एकदा सांगून पाहावं. जिन्याची पायरी किंवा तुळशीचा कट्टा किल्ल्यापेक्षा उंच आहे, हे त्याला तेव्हाच दिसतं, आणि तो लगेच किल्ला तरी सरकवतो किंवा त्या कट्ट्यावर चौकी तरी बसवतो. दरवाजाचंही तसंच. प्रत्येक मूल पहिल्यांदा दरवाजा मधोमध, समोरून छान दिसेल असा करतं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड का लपवलाय हे कळलं की पुढच्या वर्षी त्याच्या किल्ल्याची वाट वळते. एका पिढीकडून दुसरीकडे दुर्गशास्त्र जाण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. बारामती-इंदापूरच्या मुलांनी तर तो जपावाच, कारण त्यांना खिडकीतून डोंगर दिसत नाही आणि चढउताराचं गणित त्यांना हातानंच शिकावं लागतं. उलट ज्याला डोंगर बांधायचा नसेल, त्यानं आपल्याच मुलखाचा भुईकोट बांधावा. इंदापूरची गढी हा मातीत उतरवायला उत्तम विषय आहे. स्पर्धांच्या परीक्षकांनी भुईकोटाला वेगळा गट द्यावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.

तयार प्लास्टरचे किल्ले आता बाजारात मिळतात आणि गॅलरीत ठेवायला सोयीचे असतात. त्यात मावळे मांडता येतात, एवढंच. माती दाबून सोंड काढताना जी बुद्धी लागते ती त्यात कामाला येत नाही. जागा नसेल तर परातीएवढा किल्ला करावा, पण मातीचा करावा.

भाऊबीज झाली की पुष्कळ ठिकाणी किल्ल्याच्या पायाशी भोक पाडून त्यात सुतळी बॉम्ब ठेवतात. वर्षभरातली खरी लढाई हीच, आणि ती वेढ्याची आहे. जहागिरीतल्या चाकणला 1660 मध्ये हेच घडलं होतं. शाइस्ताखानानं संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. ऑगस्टमध्ये मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवला, तट फुटला आणि किल्ला गेला. पण फिरंगोजी आणि उरलेली शिबंदी जिवंत बाहेर पडली. मुलंही वात पेटवण्याआधी चित्रं उतरवून घेतात: आधी महाराज, मग मावळे, मग गवळणी.