कल्याणची यमू आणि आपल्या घरच्या लेकी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही इतिहासकार नव्हे. वागळे इस्टेटीत संसार केलेली, तुमच्यासारखीच एक गृहिणी. परंतु हळदीकुंकू असो की भिशी, आपले बोलणे फिरून एकाच विषयावर येते : ‘मुले ऐकत नाहीत.’ म्हणून आपल्याच जिल्ह्यात वाढलेल्या एका मुलीची हकीकत सांगावी म्हटले.

आरंभ माझ्या घरापासून करते. लेक दहावीत असताना अभ्यासावरून आमचे रोज वाजे. एके दिवशी माझा हात उठला. वर मी म्हटले, “आनंदीबाई जोशी मार खाऊन शिकल्या, म्हणून डॉक्टर झाल्या!” ती रडली नाही. एवढेच म्हणाली, “आई, त्यांना स्वतःला काय वाटत होतं, ते वाचलंयस का तू?” मी वाचले नव्हते. मनातून ओशाळले आणि वाचनालयातून पुस्तके आणली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणच्या जोश्यांचे, माहेरचे नाव यमुना. वडिलांचा तिच्यावर जीव होता. आई मात्र फार कडक. काठीने, दगडाने, प्रसंगी निखाऱ्यानेही आई शिक्षा करी, असे आनंदीबाईंनी पुढे पत्रात लिहून ठेवले आहे. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी या विधुराशी तिचा विवाह झाला. वयाने ते कितीतरी मोठे; पती कसले, पालकच ते. त्यांनी तिला शिकविले, हे त्यांचे मोठे श्रेय. पण ती अभ्यासात चुकली की तेही मारीत.

अमेरिकेत शिकत असताना आनंदीबाईंनी हे सारे गोपाळरावांना पत्रातून कळविले. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकलीत, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत, असा वयाचा हिशेबच त्यांनी मांडला. तुमचा हेतू चांगला होता, परंतु कोवळ्या मनावर त्याचा परिणाम काय होईल याचा विचार करता ती वागणूक चुकीचीच होती, असा त्या पत्राचा आशय आहे. उपकार विसरल्या नाहीत आणि अन्यायही झाकला नाही.

म्हणजे मी लेकीला सांगितले ते खोटे होते. त्या मार खाऊन डॉक्टर झाल्या नाहीत, मार खाऊनही झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांतच गेले. त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याची इच्छा पक्की झाली. तो ध्यास त्यांचा स्वतःचा होता.

दुसरी गोष्ट श्रीरामपूरची, कलकत्त्याजवळची. परदेशी जाणार म्हणून लोकांनी टीकेचे मोहोळ उठविले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तेथील कॉलेजात जाहीर भाषण केले. अठरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते! अमेरिकेस कशाला, हिंदुस्थानात शिक्षण होत नाही काय, एकटीच का जाता, परत आल्यावर वाळीत टाकले तर, असे लोकांचे सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे शांतपणे उत्तर दिले. ७ एप्रिलला त्या बोटीवर चढल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, यातून मी माझ्यापुरते काही धडे घेतले. रागाच्या भरात निर्णय सांगावयाचा नाही. रात्रीची जेवणे होऊ द्यावीत, मग बोलावे. मुलाला काही हवे असेल, तर आपल्या शंका एकामागून एक सांगाव्यात आणि त्यालाही एकेकाचे उत्तर द्यावयास सांगावे. मध्ये बोलू नये, हे सर्वांत अवघड! शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊ नये. तोंडाने बोलताना भांडण होत असेल, तर कागदावर लिहावे. आणि आपली चूक झाली, तर तसे मुलाजवळ कबूल करावे. त्याने आईपण उणे होत नाही.

मीही एका रात्री वहीच्या पानावर लिहिले, ‘त्या दिवशी मी हात उचलला, ते चुकले,’ आणि ते पान लेकीच्या दप्तरात ठेवले. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत उत्तर आले. गणित जमत नाही, भीती वाटते आणि हे सांगावयाचीच भीती वाटत होती, असे तिने लिहिले होते. मी मात्र इतके दिवस तिला आळशी म्हणत होते.

आमचे खटके अजून उडतात. परंतु ती आता सांगते आणि मी ऐकते. यमूने आपले दुःख लिहिले, तेव्हा ती घरापासून हजारो मैल दूर होती. आपल्या लेकरांना तेवढे दूर जाण्याआधीच बोलता यावे, एवढीच माझी इच्छा. चूकभूल द्यावी घ्यावी.