पॅच : चार ओळींच्या दुरुस्तीची कुळकथा

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या एखाद्या पोराने किंवा पोरीने स्वतः लिहिलेला कोड जाणत्या प्रोग्रामरकडे पाठवावा, त्याने तो ओळ न् ओळ वाचावा, काय चुकलं आणि का चुकलं ते लिहून कळवावं, आणि दुरुस्त होऊन आलेला कोड जगभरच्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून घ्यावा. ओळख नाही, फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे रोज घडतं. त्याचं श्रेय बहुतेक वेळा विचारांना दिलं जातं. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प, त्यामागची स्वातंत्र्याची कल्पना, पुढे आलेले परवाने. ते श्रेय रास्तच आहे. पण नुसता विचार शिकवत नाही. शिकवायला गुरू आणि चेला या दोघांच्या नजरेसमोर एकाच वेळी एकच गोष्ट असावी लागते, आणि ती दोघांना झेपेल एवढी लहान असावी लागते. ही सोय केली पॅचने.

पॅच म्हणजे मुळात खरोखरचं ठिगळ. हार्वर्ड मार्क वन हा १९४४ सालचा संगणक रुंद कागदी फितीवरच्या छिद्रांतून आज्ञा वाचायचा. छिद्र चुकलं की सगळी फीत नव्याने पाडण्यापेक्षा त्यावर कागदाचा तुकडा चिकटवणं सोपं पडायचं. पुढे प्रोग्राम फाइलींमध्ये गेले, गोंद आणि कात्री मागे पडली, शब्द तेवढा टिकला.

आजच्या पॅचचा खरा पूर्वज म्हणजे 'डिफ' हा प्रोग्राम. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉयने तो लिहिला आणि १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. एका फाइलीची जुनी आणि नवी प्रत दिली, की दोहोंतला फरक तो काढून दाखवायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण फरक लहानात लहान शब्दांत सांगायचा, तर दोन्ही प्रतींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब साखळी आधी शोधावी लागते. त्या पद्धतीवर मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांचा निबंध १९७६ साली निघाला.

डिफमुळे फरक दिसू लागला, पण तो दुसऱ्याच्या प्रतीत भरायचं काम बरंचसं हातानेच व्हायचं. शेकडो ओळींचा फरक कागदावर छापून घ्यायचा आणि एकेक जागा शोधून बदलत बसायचं. त्यात पाठवणाऱ्याची प्रत आणि घेणाऱ्याची प्रत क्वचितच सारखी असायची. घेणाऱ्याने वर कुठे दोन ओळी घातल्या असतील, तर पुढचे सगळे ओळक्रमांक सरकायचे. 'ओळ १२० बदला' ही सूचना मग भलत्याच ओळीवर जाऊन पडायची.

लॅरी वॉल हा भाषाशास्त्र शिकलेला प्रोग्रामर. पर्ल या भाषेचा कर्ता म्हणून तो आज ओळखला जातो, पण पर्ल १९८७ची. त्याआधी, मे १९८५ मध्ये, त्याने 'पॅच' नावाचा प्रोग्राम युजनेटवर सर्वांसाठी ठेवला. युजनेट तेव्हा मोडेम लावून टेलिफोनच्या तारांवरून यंत्रागणिक पुढे सरकायचं. मोठा प्रोग्राम दर दुरुस्तीला अख्खा पाठवणं वेळ आणि पैसा दोन्ही दृष्टींनी महाग होतं. वॉलने ओळक्रमांकावर भिस्त ठेवली नाही. बर्कलीच्या मंडळींनी तोवर डिफला एक सोय जोडली होती, बदललेल्या ओळींच्या आगेमागच्या काही ओळीही दाखवण्याची. त्या शेजारच्या ओळी वाचून वॉलचा प्रोग्राम जागा शोधायचा. सांगितलेल्या क्रमांकावर जुळलं नाही, तर जरा वर, जरा खाली. तरीही नाही जमलं तर कडेच्या एकदोन ओळींतला फरक माफ करून पुन्हा. आणि अगदीच नाही बसलं, तर तेवढा तुकडा बाजूच्या वेगळ्या फाइलीत ठेवून, हा बसला नाही, तुम्हीच पाहा, असं सांगून मोकळा.

या प्रोग्रामच्या माहितीपत्रकातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. पॅच पाठवणाऱ्यांसाठी त्यात वॉलने खास सूचना लिहिल्या. तुमच्या प्रोग्रामबरोबर एक छोटी फाइल ठेवा, तीत आतापर्यंत किती पॅच लागले याचा आकडा असू द्या, आणि प्रत्येक नव्या पॅचच्या सुरुवातीलाच तो आकडा वाढवा. म्हणजे क्रम चुकवून कोणी पॅच लावायला गेलं, तर गाडी पहिल्याच पावलाला थांबेल आणि पलीकडच्या माणसाचा त्रास वाचेल. न पाहिलेल्या माणसाच्या अडचणीचा विचार आपण पाठवण्याआधी करायचा, ही शिस्त या समाजात इतक्या लवकर आणि इतक्या साध्या रूपात आली.

पॅचला आजचं रूप मिळालं ते १९९० साली. वेन डेव्हिसनने जुनी आणि नवी ओळ एकाखाली एक दाखवण्याची पद्धत काढली आणि थोड्याच काळात ती जीएनयूच्या डिफमध्ये आली. गेलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, आलेल्या ओळीपुढे अधिकचं, वर आणि खाली न बदललेल्या तीन-तीन ओळी. बस्स. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही काय गेलं आणि काय आलं हे यातून समजतं.

एव्हाना पॅचवर जगणारा एक समाज तयार झाला होता. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स ही छोटी कार्यप्रणाली लिहिली आणि पाठ्यपुस्तकाबरोबर तिचा कोडही दिला. ती शिकवण्यापुरती लहानच राहावी, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय परवान्यामुळे बदललेली मिनिक्स कोणाला वाटता येत नव्हती. मग लोकांनी नुसते बदल वाटले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस एव्हान्सने मिनिक्सला ३८६ प्रोसेसरवर नीट चालवणारे पॅच केले. मूळ मिनिक्स विकत घ्यायची आणि त्यावर हे पॅच स्वतः चढवायचे. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नेमकं हेच केलं. अशा मिनिक्सवर काम करता करता त्याने स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी ती मिनिक्सवाल्यांना कळवली. ही प्रणाली म्हणजे लिनक्स, आणि ती वाढली त्याला ईमेलने येणाऱ्या पॅचांवर. १९९५ साली अपाची हा वेब सर्व्हरही असाच उभा राहिला. मूळ प्रोग्रामकडे लक्ष देणारं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा तो वापरणाऱ्या काही वेबमास्टरांनी आपापले पॅच एकत्र केले.

शिकणं नेमकं कुठे होतं, ते लिनक्समध्ये नेहमी घडणाऱ्या एका प्रसंगातून दिसतं. नवशिक्याला यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये सापडतं, की मेमरी मागितली आहे, पण ती मिळाली की नाही हे तपासलेलंच नाही. तो दोन ओळी घालतो : मिळाली नसेल तर चूक कळवून इथूनच परत फिर. पुस्तकी दृष्टीने हे बरोबर आहे. पॅच जातो आणि उत्तर येतं. उत्तरात त्याचीच ओळ वर उद्धृत केलेली असते आणि तिच्या लगेच खाली शेरा. तू इथून परत फिरलास, पण दहा ओळी वर एक लॉक, म्हणजे इतरांना थांबवून ठेवणारं कुलूप, घेतलेलं आहे, ते कोण सोडणार? मग त्याला फंक्शनच्या तळाशी रचलेल्या सोडवणुकीच्या ओळी दाखवल्या जातात. ज्या क्रमाने गोष्टी घेतल्या, त्याच्या उलट क्रमाने सोडायच्या, आणि चूक झाली की 'गोटू'ने तिथे उडी मारायची. कॉलेजात 'गोटू' वापरू नका असं घोकून आलेल्या मुलाला ते कुठे आणि का वापरतात, हे पहिल्यांदा इथे उमगतं. तो पॅच सुधारतो, त्यावर 'व्ही टू' लिहितो, आधीच्या खेपेपासून काय बदललं ते तीन आडव्या रेघांखाली टिपतो आणि पुन्हा पाठवतो. रेघांखालचा मजकूर फक्त तपासणाऱ्यासाठी असतो, प्रोग्रामच्या इतिहासात तो जात नाही. रेघांच्या वरचा मात्र कायम राहतो, म्हणून तिथे काय केलं याहून का केलं हे लिहायला सांगतात. 'का' लिहिता येत नसेल, तर आपल्यालाच ते पुरतं कळलेलं नाही, हे नवशिक्याला तिथेच समजतं. आणि हा सगळा संवाद उघड्यावर होत असल्यामुळे त्याच वाटेने येणारे कितीतरी जण तो वाचून शिकतात.

पॅचखाली सही करण्याची रीत त्यामानाने अलीकडची. लिनक्समध्ये दुसऱ्याच्या मालकीचा कोड घुसवल्याचा दावा करणारा एससीओ कंपनीचा खटला २००३ साली सुरू झाला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखाली नावानिशी लिहून द्यावं लागतं, की हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. कायद्याच्या धास्तीतून ही रीत आली हे खरं. पण पहिल्यांदाच पॅच पाठवणाऱ्याचं नावही त्यामुळे कोडची देखभाल करणाऱ्या मेंटेनरच्या नावाच्या शेजारी येऊन बसलं.

नवशिक्यांसाठी मुद्दाम जागाही राखल्या गेल्या. लिनक्सच्या 'जॅनिटर्स' प्रकल्पात साफसफाईची छोटी कामं असायची. २००८ साली ग्रेग क्रोआ-हार्टमनने 'स्टेजिंग' हा विभाग सुरू केला. अजून कच्चे असलेले ड्रायव्हर तिथे ठेवतात आणि काय सुधारायचं बाकी आहे याची यादी त्यांच्याजवळच असते. लिब्रेऑफिसने आपल्या सोप्या कामांना 'ईझी हॅक्स' म्हटलं. आउटरीची या इंटर्नशिपच्या उपक्रमात तर निवड होण्याआधीच उमेदवाराला प्रत्यक्ष प्रकल्पात काही भर घालून दाखवावी लागते. माझ्या मते ही अट अन्यायाची नाही, कारण ती भर घालताना लागेल ती मदत मागता येते.

पण सगळं गोडच होतं असं नाही. लिनक्सच्या मंडळींत पॅच नाकारताना माणसाचा पाणउतारा करण्याची सवय बरीच वर्षं चालली, आणि 'कामाचा दर्जा राखायचा तर असं बोलावंच लागतं' असं तिचं समर्थनही झालं. मला ते कधीच पटलं नाही. लॉक सुटलेलं नाही हे सांगायला शिवी लागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. उलट बाजूचा त्रासही आहे. २००८ साली गिटहब आलं आणि पॅच पाठवणं एका बटणावर आलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्ट बक्षीस असलेल्या एका उपक्रमापायी निरर्थक बदलांचा असा पूर आला, की प्रकल्पाने आधी होकार दिल्याशिवाय तिथले पॅच मोजायचे नाहीत, असा नियम करावा लागला. फुकट मिळणाऱ्या मदतीत मेंटेनरची संध्याकाळ खर्च होते, हे ज्याला कळलं त्याचा दुसरा पॅच पहिल्यापेक्षा नक्की बरा असतो.

मराठी माणसांसाठी या समाजाचं एक दार भाषेच्या बाजूने उघडलं. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस हे सगळे मराठीत आले ते लोकांनी एकेक वाक्य भाषांतरित करून पाठवल्यामुळे. त्यांतल्या पुष्कळ प्रकल्पांत जीएनयूच्या 'गेटटेक्स्ट'च्या फाइली वापरतात. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी मोकळी जागा. काम भाषेचं वाटतं, पण वाक्यात मध्येच टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर येतं. तिथे प्रोग्राम चालताना आकडा किंवा नाव बसतं. ते चिन्ह गाळलं तर नाव दिसत नाही, आणि त्यापुढचं अक्षर बदललं तर प्रोग्राम कोसळूही शकतो. समजा, इंग्रजी वाक्यात आधी फाइलींची संख्या येते, मग फोल्डरचं नाव. मराठीत फोल्डर आधी हवा. त्यासाठी चिन्हांना क्रमांक देऊन त्यांची अदलाबदल करता येते, हे कोणीतरी जाणतं माणूस भाषांतर तपासताना दाखवून देतं. कधी मात्र हा उपायही चालत नाही, कारण मूळ प्रोग्रामरने वाक्याचे तीन तुकडे करून ते इंग्रजीच्या क्रमाने कोडमध्येच जोडलेले असतात. खालच्या मोकळ्या जागेत काहीही लिहिलं तरी मराठी वाक्य सरळ होत नाही. मग भाषांतर करायला आलेल्या मुलीला सी भाषेतली मूळ फाइल उघडावी लागते. ती तीन तुकड्यांचं एक वाक्य करते, तीन ओळी वजा, एक ओळ अधिक, आणि 'मराठीत आणि इतरही भाषांत शब्दक्रम वेगळा असतो' हे कारण लिहून पॅच पाठवते.